दुखणं थांबलं, मग हात गार का पडले? विंचूदंशाच्या एका रात्रीचं प्रकरण

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो, तेव्हाची ही केस. मुलाची आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वेळा, नाडी, रक्तदाब आणि औषधं केसपेपरवर होती तशीच ठेवली आहेत, कारण सांगायचं आहे ते सगळं त्यातच आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. दिवसा पारा ४४ च्या वर, आणि रात्री नऊ वाजताही भिंतीला हात लावला तर चटका बसेल असं ऊन भिंतीत मुरलेलं. खानदेशात या दिवसांत घरात कोणी झोपत नाही. धाब्यावर, अंगणात, खळ्यात बाजा पडतात. विंचूही याच दिवसांत बाहेर निघतो. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोवऱ्यांचा ढीग आणि पऱ्हाटीची गंज या त्याच्या आवडत्या जागा. कपाशी निघाली की पऱ्हाट्या उपटून, मोळ्या बांधून घराच्या कडेला रचायच्या, ते वर्षभराचं सरपण. सहा वर्षांचा हा मुलगा चुलीसाठी त्या गंजीतून काड्या ओढायला गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला डंख बसला. वेळ साधारण साडेआठची.

वडिलांनी विंचू चपलेनं मारून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. तसं करायला जाऊन दुसरा डंख बसायचा धोका असतो, पण त्या रात्री त्याचा उपयोग झाला. रंग तांबूस, पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर असते, तिच्या चिमट्यांतच ताकद असते आणि तिच्या डंखानं माणूस सहसा नुसता कळवळतो. बारीक चिमट्यांचा, जाड शेपटीचा हा लाल विंचू मात्र हृदयापर्यंत जातो.

पहिली पंधरा-वीस मिनिटं मुलगा जिवाच्या आकांतानं रडला. घरच्यांनी कांदा चोळला, मनगटाला दोरी बांधली. मग गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथं बोटाला भूल देणारं इंजेक्शन दिलं, तो भाग योग्यच होता. त्याबरोबर एक स्टेरॉइड, एक अ‍ॅलर्जीचं आणि एक अ‍ॅट्रोपिनचं अशी आणखी तीन इंजेक्शनं दिली. अर्ध्या तासात दुखणं थांबलं. घरच्यांना वाटलं, उतरलं. आपल्याकडे विंचू चढतो आणि उतरतो असं म्हणतात, आणि दुखायचं थांबणं म्हणजे उतरणं असं सगळे धरून चालतात. मुलाला घरी आणून बाजेवर निजवलं. त्यानंतर त्याला दोन उलट्या झाल्या, सदरा घामानं पिळून निघेल इतका भिजला, आणि आजीनं हात हातात घेतला तर तो थंडगार.

साडेदहाला मोटारसायकलवर मध्ये धरून त्याला केंद्रात आणलं. आजी मागून दुसऱ्या गाडीवर आली होती. तिनं दारातूनच विचारलं, "दुखनं थांबी गयं ना भाऊ, मंग हात काबरं गार पडनात?"

त्या रात्री मला यापेक्षा नेमका प्रश्न कोणी विचारला नाही. तेव्हा तिला नीट उत्तर द्यायला वेळ नव्हता, ते इथं देतो.

साडेदहाला काय दिसलं

वजन १६ किलो. नाडी मिनिटाला १४८. रक्तदाब १४०/१००. सहा वर्षांच्या मुलाचा वरचा आकडा साधारण ९५ च्या आसपास असतो, म्हणजे हा जवळपास दीडपट. दोन्ही हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत गार, कपाळावर घामाचे थेंब, ओठ फिकट. मुलगा शुद्धीवर होता, पण एका जागी स्थिर राहत नव्हता, नजर भिरभिरत होती. ऑक्सिजनचं प्रमाण ९३ टक्के. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक चरचर. केस कानाजवळ बोटांत घेऊन चोळले की जसा आवाज येतो, अगदी तसा. फुप्फुसात पाणी उतरायला लागल्याची ती पहिली खूण.

बोट दाबून पाहिलं. दुखतं का विचारलं. त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या शेकडो रुग्णांशेजारी बसून जे टिपून ठेवलं, त्यातलं एक निरीक्षण असं की, ज्याला जागेवर सणसणून दुखतंय त्याच्या अंगात विष सहसा फार फिरलेलं नसतं. आणि उलटी, घाम, गार हातपाय ही लक्षणं असून दुखणं मात्र नाही, तो रुग्ण धोक्यात असतो. डंखानंतरच्या उलटी-घामाला जिवावरच्या संकटाची पूर्वसूचना माना, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. या मुलाच्या बाबतीत भुलीच्या इंजेक्शनचाही हात असणार. पण भुलीचा असर उतरून गेला असायला हवा अशा वेळेलाही बोट गप्पच होतं.

विष काय करतं

लाल विंचवाचं विष रक्त नासवत नाही की मांस कुजवत नाही. त्यात छोटी छोटी प्रथिनं असतात आणि ती मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारांना चिकटतात. मज्जातंतूतून संदेश जातो तो या दारांच्या उघडझापेमुळे: दार उघडलं, सोडियम आत आला, संदेश पुढे गेला, दार मिटलं. विषामुळे दार मिटायला उशीर होतो. पोटॅशियमची जी दारं तंतूला शांत करतात, त्यांतलीही काही या विषातले दुसरे घटक बंद करून टाकतात. मग तंतू गप्प बसतच नाही, एकाच हाकेला पन्नास वेळा ओ देत राहतो.

यातले जे तंतू आपल्या इच्छेबाहेर चालतात, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, घामाच्या ग्रंथी यांना जाणारे, त्यांच्या टोकांतून आधी अ‍ॅसिटाइलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर पडतं. त्यानं उलटी होते, लाळ सुटते, घाम येतो. त्यापाठोपाठ तंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलीन आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलीन यांचा पूर येतो. पहिली लाट ओसरते, दुसरी तासन्‌तास टिकते. जीव घेते ती ही दुसरी.

पण पूर आला म्हणून आपोआप काही होत नाही. रक्तात कितीही अ‍ॅड्रेनलीन असलं तरी पेशीला त्याचा पत्ता लागायला तिच्या अंगावर ते ओळखणारी जागा लागते. ती जागा म्हणजे रिसेप्टर, पुस्तकी मराठीत ग्राही. १९०५ साली केंब्रिजच्या लँगली यांनी निकोटिन आणि क्युरारे यांचे स्नायूवरचे प्रयोग करून मांडलं की, स्नायूत औषध ग्रहण करणारा काही वेगळा पदार्थ असला पाहिजे. त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला नव्हता. १९४८ साली अमेरिकेत अ‍ॅल्क्विस्ट यांनी सांगितलं की, अ‍ॅड्रेनलीनच्या जागा एका जातीच्या नाहीत, दोन आहेत, आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावं दिली. पुढे या जागांची घडण उलगडली, त्याबद्दल लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ चं नोबेल मिळालं. हे रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यातून आरपार सात टाके घातल्यासारखा एक लांब प्रथिनाचा धागा असतो. बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलीन बसलं की धाग्याची आतली ठेवण बदलते आणि आत पुढची साखळी सुरू होते.

रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूवर मुख्यतः अल्फा-१ ही जात असते. तिच्यावर नॉरअ‍ॅड्रेनलीन बसलं की पेशीच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते. हातापायाच्या कातडीत या जागा भरपूर. आजीच्या हातात आलेला तो गार हात म्हणजे आवळून बसलेल्या हजारो बारीक वाहिन्या होत्या. हृदयावर मुख्यतः बीटा-१: त्यानं ठोके वाढतात, जोर वाढतो.

घामाचं मात्र जरा वेगळं आहे आणि शिकताना मलाही ते विचित्र वाटलं होतं. घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतू अ‍ॅड्रेनलीनच्याच गोतावळ्यातले, पण टोकाला सोडतात अ‍ॅसिटाइलकोलीन. म्हणून वाहिन्या आवळून कातडी गार पडलेली असताना त्याच कातडीवर घाम डबडबतो. गार आणि ओला हात एकदम हाताला लागला की जाणकार नर्स दुसरं काही विचारत नाहीत, सरळ रक्तदाबाचा पट्टा आणतात.

मुलाचे वडील केळीच्या बागेत मजुरीला जात. त्यांना मी हे ठिबकच्या भाषेत सांगितलं. मोटर पूर्ण ताकदीनं चालू आहे आणि पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद केलेत, तर काय होईल? ते म्हणाले, "पाईप फुटी मागला." तेच होतं. हृदय जोरात ढकलतंय, पुढच्या वाहिन्या आवळलेल्या, दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि तिथं पाणी झिरपायला लागतं. शिवाय इतक्या अ‍ॅड्रेनलीननं हृदयाच्या स्नायूलाही इजा होते, मोटरही गरम होऊन दमते. शेवटच्या टप्प्यात तोंडातून गुलाबी फेस येतो. त्या टप्प्यावर पोचलेला रुग्ण मी एकदाच पाहिला आहे. पुन्हा पाहायचा नाही.

अर्धी गोळी

प्राझोसिन हे रक्तदाबाचं जुनं औषध. ते विषाला काहीच करत नाही, विषाचा एक कणही निष्प्रभ करत नाही. मग करतं काय, ते समजायला जळगावचा एस्टी स्टँड डोळ्यांसमोर आणा. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरतात. रुमाल बसत नाही, तिकीट काढत नाही, घंटी वाजवत नाही. पण तो आहे तोवर त्या जागेवर दुसरा बसू शकत नाही. अ‍ॅड्रेनलीन हा जागेवर बसून घंटी वाजवणारा प्रवासी. प्राझोसिन हा अल्फा-१ च्या सीटवर टाकलेला रुमाल: जागा धरतो, पेशीच्या आत काहीही हलवत नाही. घंटी वाजली नाही की कॅल्शियम सुटत नाही, वाहिनी सैल पडते, व्हॉल्व्ह उघडतो.

रुमाल उचलून फेकून बसणारेही असतात, हे स्टँडवर वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गर्दी जितकी जास्त, तितका रुमाल टिकणं कठीण. प्राझोसिनची चढाओढ अशीच असते. ते जागेला कायमचं चिकटत नाही, बसतं-उठतं, आणि समोर अ‍ॅड्रेनलीनचा पूर असेल तर तेवढ्याच डोसमध्ये कमी जागा हाती लागतात. रक्तात त्याचं प्रमाण दोन-तीन तासांत निम्मं होतं. म्हणून एकदा देऊन भागत नाही, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी द्यावं लागतं. जागेला कायमचं जखडणारं फिनॉक्सिबेन्झामिन नावाचं औषधही आहे. त्यात रुमाल नाही, सीटलाच रिव्हेट मारलेली असते, आणि पेशी नव्या जागा घडवेपर्यंत असर जात नाही. इतकं पक्कं बंधन इथं परवडणार नाही. विषाचं वादळ दीड-दोन दिवसांत ओसरतं, आणि नंतर वाहिन्या पुन्हा पूर्ववत आवळता यायला हव्यात.

प्राझोसिनची आणखी एक खुबी आहे, आणि माझ्या मते हीच खरी मोलाची. तंतूच्या टोकावर अल्फा-२ नावाची वेगळी जागा असते. बाहेर नॉरअ‍ॅड्रेनलीन फार झालं की त्यातलंच थोडं या जागेवर बसतं आणि तंतूला सांगतं, आता पुरे. हा शरीराचा स्वतःचा ब्रेक. फेंटोलामिनसारखं जुनं औषध अल्फा-१ आणि अल्फा-२ दोन्ही अडवतं. वाहिनी सैल होते, पण ब्रेकही निकामी होतो, आणि हृदय आणखी पळतं. प्राझोसिनची ओढ अल्फा-२ पेक्षा अल्फा-१ कडे सुमारे हजारपट जास्त. ब्रेकला ते हात लावत नाही.

मात्रा किलोला ३० मायक्रोग्रॅम. १६ किलोला ४८०, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा अर्धा भाग. 'साध्या' हा शब्द इथं महत्त्वाचा. बाजारात प्राझोसिनची हळूहळू विरघळणारी, लांब असराची गोळीही मिळते, आणि कित्येक मेडिकलवर तीच असते. ती तोडून किंवा कुटून द्यायची नसते, आणि अख्खी दिली तर मुलाला वेळेत उपयोग नाही. उन्हाळा लागायच्या आधी साधी एक मिलिग्रॅमची पट्टी औषधाच्या कपाटात आहे का, हे मी दरवर्षी फेब्रुवारीत स्वतः उघडून बघायचो. त्या रात्री होती.

सिस्टरनं गोळीचा अर्धा भाग चमच्यात कुटला, त्यात थोडं साखरेचं पाणी घातलं. दहा वाजून पन्नास मिनिटांनी मुलाला आडवंच ठेवून, मान किंचित उचलून पाजलं. ऑक्सिजन लावला. उलट्या आणि घामानं अंगातलं पाणी गेलं होतं, म्हणून पुढचा अर्धा तास उलटी झाली नाही हे बघून जलसंजीवनी घोटाघोटानं सुरू केली. सव्वाअकराला रक्तदाब १३२/९२, पावणेबाराला ११२/७६. नाडी १३०. चरचर होती तेवढीच, वाढली नव्हती.

मला हायसं वाटलं. आणि तिथं माझी चूक झाली.

बारा वाजून पाच मिनिटं

मुलाला लघवीला लागली. वडिलांनी त्याला उचलून खाटेशेजारी उभं केलं. मी टेबलाशी बसून रेफरची चिठ्ठी लिहीत होतो. आजीची हाक ऐकून मान वर केली तर मुलगा वडिलांच्या हातात लोंबकळत होता, डोळे वर गेलेले, मान टाकलेली.

रक्तदाबाचा वरचा आकडा ६६.

आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं. ते मेंदूकडे राहावं म्हणून त्याच क्षणी शरीर पायांच्या आणि पोटाच्या वाहिन्या आवळतं, आणि हे आवळणं चालतं ते अल्फा-१ च्या जोरावर. त्या जागांवर आता रुमाल होते. मेंदूनं हुकूम सोडला, तंतूंनी नॉरअ‍ॅड्रेनलीन ओतलं, पण ऐकायला जागाच मोकळी नव्हती. प्राझोसिनच्या पहिल्या डोसनंतर असं होतं, हे औषधशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. अंगातलं पाणी कमी असेल तर जास्तच होतं. मला ते पाठ होतं. मी ते वडिलांना सांगितलं नव्हतं. "तीन तास याला कुठल्याही कारणानं उभं करायचं नाही, बसवायचंही नाही, लघवी आडव्यानंच भांड्यात" एवढं वाक्य. गोळी चमच्यात कालवताना दहा सेकंदांत सांगून झालं असतं.

त्याला आडवा केला, पायाखाली दोन उशा दिल्या. सलाईन किती द्यायचं, हा खरा पेच होता. रक्तदाब पडलाय म्हणून भराभर द्यावं, तर फुप्फुसात आधीच पाणी. किलोला १० मिलिलिटर, म्हणजे १६० मिलिलिटर द्यायचं ठरवलं आणि छातीवरून स्टेथोस्कोप हलवला नाही. चार-पाच मिनिटांत त्यानं डोळे उघडले. दहा मिनिटांनी रक्तदाब ९२/६०. चरचर वाढली नाही.

वडील थरथरत होते. त्यांना वाटलं, आपल्या हातून पोराला काही झालं. मी त्यांना खाली बसवून सांगितलं की चूक तुमची नाही, मी सांगायला हवं होतं. त्यानंतर आमच्या केंद्रात प्राझोसिन दिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या खाटेला ठळक अक्षरांत 'उठवू नका' लिहिलेला पुठ्ठा बांधायचा, हे सिस्टरनं स्वतःहून सुरू केलं.

आधीची तीन इंजेक्शनं

आजीच्या प्रश्नाचा उरलेला भाग इथं येतो. गावातल्या दवाखान्यात काय दिलं, याची चिठ्ठी वडिलांच्या खिशात होती. त्या डॉक्टरांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यांना मदतच करायची होती आणि आजही पुष्कळ ठिकाणी हीच तीन औषधं दिली जातात. पण रिसेप्टरच्या नजरेनं पाहिलं की ती का नकोत, हे लगेच कळतं.

अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन हिस्टामिनच्या जागा अडवतं. विंचवाच्या वादळात घंटी वाजतेय ती अ‍ॅड्रेनलीनच्या जागांवर. चोपड्याच्या गाडीत जागा हवी आणि रुमाल टाकला रावेरच्या गाडीत, असं ते होतं. स्टेरॉइड पेशीच्या आत जाऊन तासांच्या हिशेबानं काम करतं, आणि इथं त्याचा फायदा दिसलेला नाही.

अ‍ॅट्रोपिनचं मात्र 'उपयोग नाही' एवढ्यावर भागत नाही. ते अ‍ॅसिटाइलकोलीनच्या मस्कॅरिनिक जागा अडवतं. घाम, लाळ, उलटी बघून ते द्यावंसं वाटतं, कारण ही लक्षणं त्याच जागांची. कीटकनाशकाच्या विषबाधेत तेच अ‍ॅट्रोपिन जीव वाचवतं, आणि कपाशीच्या मुलखातल्या डॉक्टरच्या हाताला त्याची सवय झालेली असते. पण हृदयाला शांत ठेवणारा तंतूही याच मस्कॅरिनिक जागेवरून बोलतो. अ‍ॅट्रोपिननं तो मुका होतो. अ‍ॅड्रेनलीन हृदयाला चाबूक मारत असताना लगाम धरणारा हातच आपण बाजूला करतो. मुलाच्या १४८ नाडीत विषाचा वाटा किती आणि इंजेक्शनचा किती, हे वेगळं करता येणार नाही, पण दोन्ही एकाच दिशेनं ओढत होते.

त्या रात्री सल्ल्यासाठी मी ज्या फिजिशियनांशी फोनवर बोललो, त्यांच्याबरोबर असलेल्या एका नवीन डॉक्टरनं विचारलं होतं, नाडी एवढी आहे तर प्रोप्रॅनोलॉल का नको? प्रश्न साहजिक आहे. प्रोप्रॅनोलॉल बीटाच्या जागा अडवतं, नाडी उतरते. पण आवळलेल्या वाहिन्या अल्फावर आहेत, त्या तशाच राहतात. ठिबकच्या भाषेत, व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटरचा व्होल्टेज उतरवला. दमलेलं हृदय त्यानं बसू शकतं. आधी व्हॉल्व्ह उघडायचा. मोटर खरंच बसली, तर उलट बीटा-१ वर जाऊन बसणारं डोब्युटामिन द्यावं लागतं.

रात्रीचा बाकीचा भाग

विषावर थेट जाणारं औषध आहे. मुंबईत हाफकिनमध्ये विंचवाची प्रतिलस तयार होते. ती रिसेप्टरशी भांडत बसत नाही, रक्तात फिरणारं विषच धरते. बावस्करांनी महाडला ७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. उपचारानंतर दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण, प्राझोसिनबरोबर प्रतिलस दिली त्या ३५ पैकी ३२, आणि नुसतं प्राझोसिन दिलं त्या ३५ पैकी ८. म्हणजे दोन्ही मिळाली तर दोन्ही द्यावीत. आमच्या फ्रिजमध्ये त्या रात्री प्रतिलस नव्हती.

पण नुसत्या प्राझोसिननंही काय साधलं, ते विसरता येत नाही. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात बावस्कर नोकरीला लागले, तेव्हा लाल विंचवानं गंभीर झालेल्या दर शंभर रुग्णांत पंचवीस-तीस दगावत. त्यांनी आधी शिरेतून देण्याचं, वाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड वापरलं. त्याला सतत नजर लागते, खेड्यात ते झेपणारं नव्हतं. तोंडानं देता येईल आणि तेच काम करेल असं औषध शोधताना ते प्राझोसिनपाशी आले, आणि १९८६ मध्ये ते अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मृत्यूचं प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास आलं. ज्या केंद्रात व्हेंटिलेटर नाही, हृदयाचा डॉक्टर नाही, तिथं एक अर्धी गोळी चमच्यात कुटून हे होऊ शकतं. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

एकच्या सुमारास १०८ ची गाडी आली. पाठवावं की ठेवावं, यावर फिजिशियनांशी पुन्हा बोललो. नुकताच रक्तदाब पडलेला, पुढे तासाभराचा खड्ड्यांचा रस्ता, वाटेत रक्तदाब कोण बघणार? प्रकृती स्थिर होईपर्यंत आडवं ठेवायचं आणि गाडी दारात उभी ठेवायची, असं ठरलं. दुसरा एखादा डॉक्टर वेगळं ठरवेल, त्याला मी चूक म्हणणार नाही.

पावणेदोनला हात मनगटापर्यंत गार होते, आधी कोपरापर्यंत होते. रक्तदाब पुन्हा चढून १२४/८४: रुमाल निसटत होते, प्रवासी चढत होते. एक पन्नासला दुसरी अर्धी गोळी दिली. या वेळी आधी सांगितलं, मग पाजली. वडील खाटेच्या कडेला मुलाच्या पोटावर हात ठेवून बसले, तो हलेल म्हणून. साडेतीनला फुप्फुसांच्या तळाशी ऐकलं. उजवीकडे थोडी चरचर, डावीकडे स्वच्छ. ऑक्सिजन ९७ टक्के. नाडी ११२.

चारनंतर मी खुर्चीतच डोळे मिटले असावेत. तिसऱ्या डोसची वेळ चार पन्नासची होती. बाहेर उजाडायला लागलं होतं, निंबावर चिमण्यांचा कलकलाट सुरू झाला होता. मुलाच्या रडण्यानं जाग आली. तो उजवा हात छातीशी धरून आजीकडे बघत होता.

"आजी, बोट दुखस."

आजी घाबरली. तिला वाटलं, विंचू पुन्हा चढला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसतोय हे बघून आणखीच गोंधळली. वादळ ओसरतं तेव्हा डंखाच्या जागेचं दुखणं परत येतं, हेही बावस्करांनी लिहून ठेवलं आहे. मी मुलाच्या तळव्याला हात लावला, मग पायाला. रक्तदाब १००/६४. तिसरा डोस दिला नाही.

आजीचा हात धरून त्याच्या हातावर ठेवला. हात गरम होता.